भिंतीनं फेकलेलं पाणी

कुंडलिक इंगळेनं मनोरीच्या खाडीकाठी घर घेतलं, तेव्हा कांदिवलीच्या त्याच्या सोसायटीतल्या लोकांना वाटलं, निवृत्तीनंतर याच्या डोक्यावर परिणाम झालाय. छत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात केबल जोडण्यात गेलेली. रस्त्याकडेच्या खड्ड्यात उकिडवं बसून वाहनांचा धूर खाल्लेला हा माणूस. त्याला आता चारही बाजूंनी मोकळं हवं होतं. त्याची बायको राधा म्हणाली, “खड्ड्यातून निघाले आणि चिखलात चालले.” पण सामान बांधायला पहिली तीच बसली.

घर दोन खोल्यांचं, कौलारू. मागं चाळीसएक पावलं जमीन, चार माड, मग तिवराची एक रांग आणि तिच्यापलीकडे खाडी. शेजारी एकच घर, वनमाला परबचं. तिचा नवरा दत्ताराम गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचा. गिरणी गेली तेव्हा हातात आलं त्यातून त्यानं हा तुकडा घेतला होता. इंगळे राहायला आले त्याच्या आदल्या वर्षी तो वारला. वनमाला अळू, चवळी, केळी लावायची, अबोलीच्या वेण्या करून गावात विकायची. मुलगी श्रुतिका लग्न होऊन वाकोल्याला राहायची. दोन घरांच्या मध्ये गुडघाभर उंचीचा दगडी गडगा आणि वनमालाच्या बाजूला गोड्या पाण्याची विहीर. नळाला एक दिवसाआड पाणी यायचं, तेही करंगळीएवढं.

पहिल्या दिवशी राधा हंडा घेऊन गडग्याशी थांबली. कुंडलिकनं तिला तसं सांगून ठेवलं होतं, आधी विचारायचं. तो स्वतःच पुढं झाला आणि म्हणाला, “ताई, आम्ही बुलढाण्याकडचे. बौद्ध आहोत. विहिरीचं पाणी घेतलं तर चालेल का?”

वनमालानं कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघितलं. “मगे? बौद्धांक तहान लागना नाय? रहाट जड आहे, तेवढा सांभाळा.”

गावच्या विहिरीशी आईचं बोट धरून, कुणी वरून ओतेपर्यंत उभं राहिल्याचं कुंडलिकला आठवत होतं. संध्याकाळी जाऊन त्यानं रहाटाला तेल घातलं.

पुढची चार-पाच वर्षं बरी गेली. राधा आणि वनमाला एकमेकींना अगं-तुगं करायला लागल्या. लॉकडाउनमध्ये तर दोन घरांची चूल जवळजवळ एकच झाली होती.

मग लॉकडाउन उठलं आणि बोटी आल्या.

खाडीच्या वळणावर, समोरच्या काठाला, देवेश नावाच्या एका तरुण शेठनं वॉटर स्पोर्ट्स सुरू केलं. आधी एक स्पीडबोट, वर्षभरात पाच. शिवाय पाण्यावरच्या स्कूटर, आणि बोटीमागं दोरानं ओढतात ते पिवळं लांबुडकं फुग्याचं वाहन, त्यावर सहा-सहा माणसं किंचाळत बसलेली. शनिवार-रविवारी सकाळी नऊपासून ते अंधार पडेपर्यंत हेच.

आवाजाचा त्रास होता, पण खरं दुखणं आवाजाचं नव्हतं. बोट समोरून निघून जायची, पाणी क्षणभर शांत वाटायचं आणि मग तिनं मागं सोडलेल्या लाटा काठाला येऊन आपटायच्या. एक, दोन, पाच, सात. ओहोटीला त्या चिखलातच विरायच्या. भरतीला मात्र थेट मातीच्या कडेवर यायच्या आणि परत जाताना माती घेऊन जायच्या. एका लाटेत मूठभर जात असेल. पण दिवसाला दोनशे फेऱ्या होत्या. आधी तिवरांची मुळं उघडी पडली, मग एकेक झाड तोंडावर पडल्यासारखं चिखलात झुकलं. झाडं गेल्यावर मातीला धरून ठेवणारं काही उरलं नाही. कुंडलिकनं काठावर लोखंडी गज ठोकून खुणा केल्या होत्या. पहिल्या वर्षात दीड हात जमीन गेली, दुसऱ्या वर्षात तीन हात आणि एक माड.

वनमाला काठावर उभी राहून डोक्यावरचा टॉवेल हलवायची, हळू जा, हळू जा म्हणून. बोटीतल्या पोरींना वाटायचं, म्हातारी टाटा करतेय. त्याही हात हलवायच्या आणि मोबाइलवर तिचा व्हिडिओ काढायच्या.

कुंडलिकचं अक्षर चांगलं होतं आणि खात्यात राहून अर्जाची भाषा पाठ होती. त्यानं तीन कचेऱ्यांना अर्ज दिले. फोटो जोडले, गजांची मापं जोडली. मागणी एवढीच होती की वस्तीसमोर बोटी हळू चालवाव्यात आणि तशी पाटी लावावी. पहिली कचेरी म्हणाली, जमीन आमच्याकडे, पाणी त्यांच्याकडे. दुसरी म्हणाली, पाणी आमच्याकडे, पण बोटीचा परवाना त्यांच्याकडे. तिसऱ्या कचेरीतून उत्तरच आलं नाही. शेवटी तो आणि वनमाला दोघं फेरीबोटीनं पलीकडे जाऊन देवेशलाच भेटले.

देवेशनं खुर्च्या दिल्या, थंड पाणी दिलं. बोलायला गोड होता.

“काका, मी पोरांना सांगतो. पण खरं सांगू? लोक स्पीडसाठीच येतात यार. हळू जायचं तर फेरीबोट आहेच ना.”

“आमची जमीन जातेय,” कुंडलिक म्हणाला.

“खाडी आहे, काका. खाडी जमीन खातेच. माझ्या आधीपण खात होती.”

“चाळीस वर्षांत नाय खाल्लान, ती आता दोन वर्षांत कशी खाऊक लागली रे?” वनमालानं विचारलं. देवेश हसला आणि त्याचा फोन वाजला.

कुंडलिकचा मुलगा अनिरुद्ध कांदिवलीला राहायचा, एका कंपनीत संगणकाचं काम करायचा. दर दुसऱ्या रविवारी यायचा. दुसरा माड पडला तेव्हा तो म्हणाला, “बाबा, अर्ज बस झाले. भिंत घालू.”

काशीराम नावाचा मुकादम आला. खाडीकाठच्या कितीतरी बंगल्यांच्या भिंती त्यानं बांधल्या होत्या. त्यानं काठावरून फेरी मारली, तंबाखू मळत दोन्ही घरांकडे बघितलं आणि म्हणाला, “साहेब, आरसीसीची सरळ भिंत पाणी गिळत नाही, फेकते. तुमच्या कोपऱ्यावरून सगळा मार शेजारच्या बाईंच्या मातीवर जाईल. जमलं तर भिंतीत त्यांचीही बाजू घ्या. नाहीतर भिंत राहू दे, उतार करून दगड टाकू. जागा जास्त जाईल, पण पाणी मरेल.”

“उतारात अजून दहा पावलं जमीन जाणार,” अनिरुद्ध म्हणाला. “ती वाचवायलाच तर चाललंय सगळं. आणि त्यांचं त्यांची मुलगी बघेल ना.”

काशीरामनं कुंडलिककडे बघितलं. निर्णय घरमालकाचा, असं त्याला म्हणायचं असावं. कुंडलिक पडलेल्या माडाच्या बुंध्याकडे बघत राहिला. मग तो म्हणाला, “किती दिवस लागतील?”

परवानगी मागितली असती तर मिळाली नसती, म्हणून मागितली नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये भिंत उभी राहिली, गडग्याच्या रेषेत येऊन थांबली. कामगारांना तीन आठवडे वनमालाच्याच विहिरीचं पाणी लागलं. तिनं रोज दुपारी त्यांना कोकम सरबत करून पाजलं.

“बरा झाला,” ती राधाला म्हणाली. “एकाचा तरी वाचला.”

एप्रिलच्या एका रविवारी, पौर्णिमेच्या भरतीला, कुंडलिक भिंतीवर बसून बोटी बघत होता. बोट गेली, लाटा आल्या. लाट भिंतीवर आपटली, उभी राहिली, मग आडवी होऊन भिंतीच्या कडेनं सरकत कोपऱ्याकडे गेली. तिथं मागून येणारी दुसरी लाट तिला मिळाली आणि दोन्ही मिळून वनमालाच्या मातीत शिरल्या. मातीचं केवढं तरी ढेकूळ सुटून पाण्यात पडलं. पाणी लाल झालं. पुढची बोट आली, पुन्हा तसंच. कुंडलिक तासभर मोजत बसला. मग उठून घरात आला.

“काय झालं?” राधानं विचारलं.

“काही नाही. ऊन लागलं.”

रात्रीचं जेवण झाल्यावर मात्र त्यानं तिला सांगितलं. काशीरामनं आधीच बजावलं होतं, हेही. राधा भांडी घासत होती. तिचा हात थांबला. “आणि तुम्ही गप्प राहिलात?”

“राहिलो.”

“मग आता तरी तिच्याशी बोला.”

दुसऱ्या दिवसापासून तो हातगाडीनं डबराचे दगड आणून वनमालाच्या काठाला टाकायला लागला. पासष्टी उलटलेल्या माणसाला झेपेल तेवढं, रोज सात-आठ फेऱ्या. वनमाला चहा घेऊन यायची. “भाऊ, किती करतास माझ्यासाठी. पोटच्या पोरानं नाय केला असता.” तो चहा पिऊन पुन्हा हातगाडीला हात घालायचा. दगड महिन्याभरात चिखलात बुडून गेले. बोलायचं मात्र राहिलंच.

पुढच्या वर्षी मे महिन्यात विहिरीचं पाणी मचूळ लागायला लागलं. वनमालाला वाटलं, उन्हाळ्यामुळं असेल. मग अळूच्या पानांच्या कडा जळल्या, चवळी उगवलीच नाही. अबोली तगली, पण फुलं बारीक आली. काठ आणि विहीर यांच्यात आधी पंचवीस पावलं होती, आता नऊ उरली होती. खारं पाणी आतून झिरपत होतं. राधा नळाच्या दिवशी पहाटे उठून आधी दोन हंडे वनमालाचे भरायची आणि गडग्यावरून देऊन यायची. वनमाला घ्यायची. पहिल्यांदा तिनं “कशाला गं” म्हटलं, नंतर तेही म्हणेनाशी झाली.

कुंडलिकनं अनिरुद्धला बोलावून घेतलं. “तिच्या बाजूला भिंत वाढवू. माझ्या नावावर बँकेत जे आहे ते मोडू.”

“बाबा, शांतपणे ऐका. आपण स्वखर्चानं तिची भिंत बांधली म्हणजे आपल्यामुळं झालं हे आपणच कबूल केलं. उद्या श्रुतिका कोर्टात गेली तर? आधीच बिनपरवानगीचं काम आहे. आपलीच भिंत पाडायला लावतील.”

“मग पाडतील.”

“आणि आई कुठं राहील?”

राधा तिथंच बसली होती. कुंडलिकला तिनं बोलावं असं फार वाटत होतं. तिनं फक्त पदरानं तोंड पुसलं. विषय पावसाळ्यानंतर बघू यावर येऊन थांबला.

पावसाळ्यात बोटी बंद असतात. पण चार महिन्यांच्या पावसानं माती पिठासारखी करून ठेवली. दिवाळीला बोटी पुन्हा सुरू झाल्या, आणि सुट्ट्यांमुळं रोजच रविवार झाला. अमावास्येच्या दिवशी भर दुपारी उधाण होतं. पाणी काठाच्या बरोबरीला आलेलं. वनमाला विहिरीपलीकडे वेण्यांसाठी अबोली खुडत होती. देवेशच्या तीन बोटी एकामागून एक गेल्या, बहुतेक शर्यत लावली होती.

कुंडलिकनं पडवीतून बघितलं. लाट आली, भिंतीवरून आडवी सरकली आणि वनमालाच्या पायाखालची जमीन, विहिरीचा अर्धा कठडा आणि अबोलीचा वाफा असं सगळं मिळून खाली बसलं. मोठा आवाज झाला नाही. भाकरीचा तुकडा मोडावा तसं झालं.

तो गडगा ओलांडून धावला. वनमाला छातीपर्यंत चिखलात होती, एक पाय दगडांखाली. तिच्या हातात टोपली तशीच होती. “पाय, पाय,” एवढंच ती म्हणत होती. पाणी तिच्या हनुवटीला लागत होतं आणि खाली जाऊन पुन्हा लागत होतं. पलीकडून एक बोट जवळ आली. तिच्यातले लोक उभं राहून बघायला लागले आणि बोट वळली तशी तिचीही लाट आली. कुंडलिक ओरडला, “बंद कर! इंजिन बंद कर!” राधानं दोर आणला. गावातले चौघं आले तेव्हा कुठं दगड हलला.

मांडीचं हाड दोन जागी मोडलं होतं. फेरीबोटीतून, मग रिक्षातून तिला पलीकडच्या दवाखान्यात नेलं. वाटेत कुंडलिकनं तिचं डोकं मांडीवर धरलं होतं. ती एकदाच बोलली, “घराक कुलूप घाला.”

ऑपरेशन झालं. श्रुतिका तिला वाकोल्याला घेऊन गेली. काठ्या धरून चालायला तीन महिने लागतील असं डॉक्टर म्हणाले होते. डिसेंबरमध्ये वनमालाच्या मागच्या खोलीची भिंत कलली. कुंडलिकनं आतलं सामान पुढच्या खोलीत आणून ठेवलं, दत्तारामचा फोटो कागदात गुंडाळून पेटीत ठेवला. जानेवारीत श्रुतिका एका माणसाला घेऊन आली आणि मापं घेऊन गेली. फेब्रुवारीत कळलं, जागा देवेशनं घेतली.

त्याला तिथं धक्का बांधायचा होता. गावाच्या बाजूनं येणारी गिऱ्हाइकं थेट बोटीत बसवता येतील म्हणून. परवानग्या कुठून आल्या कोण जाणे, पण आल्या. घर दोन दिवसांत पाडलं, विहीर भरली, दगडांचा उतार केला आणि त्यापुढं तरंगता धक्का आला. लाटांनी धक्का हलतो, माणसं चढता-उतरता पडतात, म्हणून देवेशनं दोन्ही बाजूंना लाल पाट्या लावल्या: ‘वेग कमी करा.’ बोटी आता कुंडलिकच्या घरासमोरून पायी चालल्यासारख्या जायच्या. माती पडायची थांबली. अनिरुद्ध म्हणाला, “बघा बाबा, शेवटी झालं ना काम. शिवाय धक्क्यामुळं आपल्या जागेला भाव येईल.”

कुंडलिक म्हणाला, “तू पुढच्या रविवारी येऊ नकोस.” मुलाला असं बोलताना राधानं पहिल्यांदाच कुंडलिकला अडवलं नाही.

मे महिन्यात तो वाकोल्याला गेला. श्रुतिकाचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं, जिना अरुंद. वनमाला खिडकीपाशी पलंगावर बसली होती. खिडकीबाहेर दुसऱ्या इमारतीची भिंत, हात लांब केला तर लागेल एवढी जवळ. ती वाळली होती. त्याला बघून तिनं पदर सारखा केला.

“राधा नाय आली?”

“तिचे गुडघे दुखतायत.” हे खोटं होतं. राधा म्हणाली होती, माझ्यानं तिच्यासमोर उभं राहवणार नाही.

थोडा वेळ इकडचं-तिकडचं झालं. मग कुंडलिकनं खाली बघत सांगून टाकलं. काशीराम काय म्हणाला होता, अनिरुद्ध काय म्हणाला, आपण गप्प कसे बसलो. दगड टाकत होतो ते कशासाठी. बोलताना त्याचा आवाज कचेरीत अर्ज वाचून दाखवावा तसा झाला, दुसरा कुठला आवाज त्याला सापडेना.

वनमालानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “माका म्हायत होता.”

कुंडलिकनं मान वर केली.

“काठावर चाळीस वर्षां काढली, भाऊ. पाणी खयसून येता ता माका दिसणार नाय? भिंत झाली त्याच महिन्यात दिसला.”

“मग बोलला का नाहीत?”

“सांगून काय झाला असता? तुम्ही भिंत पाडतलास?”

खालच्या गल्लीत कुणीतरी टेम्पो मागं घेत होतं, त्याचा टीं टीं आवाज बराच वेळ येत होता.

“नाय ना,” वनमाला म्हणाली. “मग बोलून राधापण गेली असती. दोन हंडे पाणीपण गेला असता. म्हणान नाय बोललंय.”

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर कुंडलिकला बरं वाटलं असतं. देवेशलाच जागा का दिली, असं त्यानं विचारलं नाही, पण तिनंच सांगितलं. “दुसरा कोण इचारूकच आला नाय. मोडक्या काठाक कोण हात लावतलो?”

श्रुतिकानं चहा आणला. तो त्यानं संपवला. निघताना त्याला वनमालाच्या पाया पडावंसं वाटलं, पण ती त्याच्याहून दोन वर्षांनी लहान होती आणि तिला अजून पलंगावरून पाय खाली सोडता येत नव्हते. तो नुसताच “येतो” म्हणाला. तिनं तोंड खिडकीकडे केलं होतं.

श्रुतिका त्याच्याबरोबर जिना उतरून खाली आली. रिक्षा थांबवली आणि मग दबल्या आवाजात म्हणाली, “काका, मी दारातून सगळं ऐकलं. कोर्टबिर्ट काही करणार नाही, घाबरू नका. पण पुन्हा येऊ नका. मनोरीचं कुणी फोनवर बोललं तरी ती दोन-दोन दिवस जेवत नाही.”

“बरं,” कुंडलिक म्हणाला.

घरी पोचला तेव्हा राधा पडवीत बसून होती. “कशी आहे?”

“बरी आहे. काठ्या घेऊन चालते.”

“माझी आठवण काढली?”

“काढली. ये म्हणाली.”

राधा उठून आत गेली. आतून तिनं विचारलं, “कधी जाऊ या?”

“बघू,” कुंडलिक म्हणाला आणि चपला काढायला खाली वाकला.